परण्यातलं पाऊल

वैशाखातली संध्याकाळ, रिसोड तालुक्यातलं एक गाव, आणि नवरदेव घोड्यावर. आमच्या भागात लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळात नेतात, त्याला परण्या म्हणतात. परण्या निघाला की तो देवळापर्यंत किती वेळात पोचेल हे वाजंत्र्यांच्या आणि पोरांच्या हातात असतं. त्या दिवशी संदलवाले तासभर वाजवत होते आणि पोरं धुळीत उड्या मारत होती. मग संदल थांबलं. बँडच्या मास्तरांनी ट्रम्पेट ओठाला लावली आणि 'अलबेला'तली एक जुनी चाल धरली.

पोरांची चाल एकदम बदलली. उड्या बंद झाल्या. कोपरं अंगाशी आली, पंजे सैल लोंबू लागले, खांदे एकदा इकडे एकदा तिकडे झुकू लागले आणि पाय जमिनीवरून जवळजवळ न उचलता पुढं सरकू लागले. विशीतला पुतण्या आणि साठीतले मामा एकच पाऊल टाकत होते. तोवर कडेला उभे राहून नुसतं बघणारे दोन म्हातारेही त्यात शिरले, कारण या नाचाला दम लागत नाही आणि कोणी हसतही नाही.

पंगतीच्या वेळी मी मास्तरांजवळ बसलो आणि विचारलं, हे पाऊल कोणाचं?

"कोनाचं म्हंजे? परण्यातलं हाय, भाऊ. माहा बाप वाजवे तवाही लोक असेच नाचत."

गाणं कोणत्या सिनेमातलं ते त्यांना ठाऊक होतं. नटाचं नावही शेजारच्या एका आजोबांनी लगेच सांगितलं, भगवानदादा. ते कुठले, असं विचारल्यावर मात्र दोघांनीही हात मुंबईच्या दिशेनं केला.

भगवान आभाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीत झाला. वाशिम जिल्हा ज्या महसुली विभागात येतो त्याचं मुख्यालय असलेलं ते गाव. आमच्या परण्यांत पिढ्यान्‌पिढ्या पडणारं हे पाऊल आमच्याच वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाचं आहे आणि हे आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. हा लेख लिहायला बसलो तो एवढ्याच कारणानं.

आडनाव कोकणातलं, जन्म वऱ्हाडातला, वाढ मुंबईच्या गिरणगावातली. त्या काळचं वऱ्हाड म्हणजे कापूस. कारंज्याहून यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज गाडी जायची, जिला आज आपण शकुंतला म्हणतो. कापूस भरून त्या गाडीतून मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या लायनीनं मुंबईला जायचा. त्या कापसाचं सूत जिथं निघत होतं त्या गिरण्यांत भगवानदादांचे वडील कामगार होते. दादर-परळच्या चाळींत मुलगा वाढला. शाळा चौथीच्या आसपास सुटली. मग मजुरी आणि तालीम. कुस्तीचा नाद होता, अंग भरलेलं होतं आणि बुटक्या बांध्यात ताकद होती. पुढं पडद्यावर मारामाऱ्या करू लागल्यावर 'दादा' हे नाव चिकटलं आणि ते कायमचं राहिलं.

मूकपटांचा काळ संपत आला असताना ते पडद्यावर आले. १९३१ च्या 'बेवफा आशिक'मध्ये त्यांनी एका कुबड्या माणसाचं विनोदी काम केलं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कॅमेरा कसा लावतात, दृश्यं कशी जोडतात, थोड्या पैशांत सेट कसा उभा करतात, हे सगळं ते स्टुडिओत हिंडत शिकले. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्याबरोबर त्यांनी 'बहादुर किसान' दिग्दर्शित केला. त्यानंतरची दहा-अकरा वर्षं त्यांनी कमी खर्चाचे मारधाडीचे चित्रपट काढले. त्यांचा प्रेक्षक पुढच्या बाकांवर बसणारा होता. पाळी संपवून, अंगावरचं सूत झटकून तिकीट काढणारा माणूस तो. त्या माणसाला काय लागतं हे भगवानदादांना बाहेरून शिकावं लागलं नाही.

त्यांचा आदर्श होता अमेरिकन नट डग्लस फेअरबँक्स. मूकपटांच्या जमान्यात गच्च्यांवरून झेपावणारा, दोरांना लोंबकळणारा, तलवारी खेळणारा तो हसरा नट गिरणगावातल्या पोरांनाही ठाऊक होता. भगवानदादा आपली कसरतीची दृश्यं स्वतःच करत, बदली माणूस वापरत नसत, आणि राज कपूर त्यांना हिंदुस्थानचा डग्लस म्हणत असं सांगतात. मला स्वतःला ते फेअरबँक्सपेक्षा बस्टर कीटनच्या जास्त जवळचे वाटतात. कीटनसुद्धा सगळी कसरत स्वतः करायचा, स्वतःच दिग्दर्शक होता आणि विनोद चेहऱ्यानं न करता अंगानं करायचा. या दोघांचं नातं पुढं आणखी एका दुखऱ्या जागी जुळतं, तिथं येतोच.

१९४१ साली ते तामिळ चित्रपट करायला गेले. 'वनमोहिनी' हे नाव. हॉलिवूडच्या डोरोथी लामूरच्या जंगलपटांवर बेतलेला, थवमणी देवी नायिका आणि पडद्यावर एक हत्ती. त्याच सुमारास त्यांना संगीत देणारा एक तरुण भेटला. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १९१८, गाव पुणतांबे. तो सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवत असे. 'वनमोहिनी'चं संगीत त्याचं आणि १९४२ साली 'सुखी जीवन'मधून त्याला हिंदी पडद्यावर आणलं तेही भगवानदादांनीच. हाच पुढचा सी. रामचंद्र. चितळकरांचं गाण्याचं काही शिक्षण नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे झालं. मूर्तिजापूरला जन्मलेले वसंतराव देशपांडेही सप्रे मास्तरांचेच शिष्य. म्हणजे ज्या जोडीनं पुढं सगळ्या देशाला नाचवलं तिच्यातला एक अमरावतीत जन्मलेला आणि दुसरा नागपूरच्या तालमीतला. विदर्भानं मिरवावं असं हे आहे.

१९४२ साल त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचं. त्याच वर्षी त्यांनी जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली. आणि त्याच वर्षी 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात ती थप्पड बसली.

दृश्य असं होतं की भगवानदादांनी ललिता पवारांच्या थोबाडीत मारायची. ती खरोखरच जोरात बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्याची शीर फुटली. सुमारे तीन वर्षं उपचार चालले. डोळा बारीक झाला तो कायमचा. त्या तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या, नायिकेची कामं करत होत्या, स्वतः निर्मात्याही होत्या. एका हाताच्या हिसक्यानं ते सगळं संपलं. पुढं त्यांनी त्याच डोळ्यानिशी सासवा आणि खाष्ट बायका रंगवल्या, 'अनाडी'तल्या मिसेस डिसाबद्दल फिल्मफेअर मिळवलं, आणि चाळीसहून अधिक वर्षांनी दूरदर्शनच्या 'रामायणा'त मंथरा म्हणून घराघरांत पोचल्या. हे त्यांचं कर्तृत्व. पण बारीक डोळा हे त्यांचं भाग्य होतं असं जे अनेकदा लिहिलं जातं ते मला पटत नाही. चित्रीकरणाच्या जागी कसलंही संरक्षण नसताना एका बाईला आयुष्यभराची इजा झाली, तिला भाग्य म्हणू नये. भगवानदादांवर प्रेम करणाऱ्यानं तर ही गोष्ट मुळीच गाळू नये. तालमीतल्या ताकदीचा हात होता तो. कॅमेऱ्यासमोर तो किती आवरायचा हे त्या दिवशी त्यांना साधलं नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, चेंबूरला जागृती स्टुडिओ उभा राहिला. गिरणी कामगाराच्या मुलाचा स्वतःचा स्टुडिओ. १९४९ साली 'भेदी बंगला' हा रहस्यपट चालला. राज कपूरनं त्यांना सुचवलं की आता मारामाऱ्या पुरे, एखादा कौटुंबिक चित्रपट काढा. त्यातून 'अलबेला' झाला.

'अलबेला' १९५१ साली आला. निर्माता, दिग्दर्शक, नायक तिन्ही भगवानदादा. नायिका गीता बाली, गीतं राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्र यांचं आणि पुरुषी आवाज चितळकर या नावानं त्यांचाच, जोडीला लता मंगेशकर. गोष्ट आज ऐकली तर साधी वाटेल. प्यारेलाल नावाचा गरीब मुलगा नाटकात नाव काढायची स्वप्नं बघतो. बहिणीच्या लग्नासाठी पैसे उभे करायचे असतात आणि नोकरी जाते. घरात भांडण होतं, तो बाहेर पडतो. रंगभूमीवर नाव होतं, पैसा येतो. तो इमानानं घरी पैसे पाठवत राहतो, पण नात्यातलाच माणूस ते मधल्यामध्ये लाटतो. प्यारेलाल परत येतो तेव्हा आई गेलेली असते.

माझ्या वडिलांनी हा चित्रपट डव्ह्याच्या यात्रेत तंबूत पाहिला. मालेगाव तालुक्यात डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा रथसप्तमीला भरते. माघातली थंडी, घोंगडी पांघरून जमिनीवर बसलेली माणसं, मधोमध पांढरा पडदा, एका अंगाला बाया आणि दुसऱ्या अंगाला बाप्ये. उलट्या बाजूला बसलेल्यांना डावं-उजवं उलटं दिसायचं, पण त्यांची कुणाचीच तक्रार नसे. वडील सांगत की गाणं लागलं की तंबूतली माणसं बसल्या जागी खांदे हलवत, आणि आईच्या मरणाच्या ठिकाणी सगळा तंबू डोळे पुसत असे. त्या वेळी त्यांचा थोरला भाऊ मुंबईत कामाला होता आणि घरात पोस्टमनची वाट बघणं चालू होतं. पाठवलेले पैसे पोचलेच नाहीत तर, ही भीती वडिलांना पडद्यावर दिसली. वाशिम जिल्ह्यातली पोरं आजही पुण्या-मुंबईला जातात. आता पैसे फोनवर येतात. ती भीती गेलेली नाही.

वडील 'अलबेला' पाहत होते तेव्हाचं वाशिम अकोला जिल्ह्यात होतं आणि अकोला मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आणि १ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य दोनदा बदललं, जिल्हा एकदा. परण्यातलं पाऊल तेच राहिलं.

त्या पावलात असं काय आहे? मी 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके' या गाण्याचा तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. गीता बाली नाचते ती मन लावून नाचते, गिरक्या घेते, डोळ्यांनी बोलते. भगवानदादा तिच्याशेजारी फार थोडं करतात. गोल चेहरा, बुटका बांधा, पोट किंचित पुढं. नायकाचा कोणताही साचा त्यांना बसत नाही. पण ताल त्यांच्या खांद्यातून खाली येतो, कमरेपाशी जरा रेंगाळतो आणि पायात उतरेपर्यंत जवळजवळ संपतो. ताकद असलेल्या माणसानं ती राखून ठेवावी, तसा हा नाच आहे. तालमीत घुमणाऱ्या पैलवानाची चाल त्यात आहे. गिरणगावात मिरवणुकीत दाटीवाटीनं नाचणाऱ्या माणसांना हात फेकायला जागा नसते, ती अडचणही त्यात आहे. त्या काळचे हिंदी चित्रपटातले नायक बहुधा झाडाला टेकून गात. हा नायक नाचला, आणि असा नाचला की प्रत्येकाला वाटलं, हे मलाही जमेल. मला विचाराल तर त्यांची खरी प्रतिभा ही आहे. अवघड नाच करून दाखवणारे पुष्कळ झाले. ज्याला नाच येत नाही त्याला नाच देणारा मात्र हाच एक. पुढं अमिताभ बच्चन नाचू लागले तेव्हा त्यांच्या उंच शरीरातही तेच सैल खांदे आणि तेच सरकणारे पाय दिसले. मिथुन आणि गोविंदा यांच्यापर्यंत ते उतरलं.

'अलबेला'नं पैसा दिला. जुहूला समुद्रकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी, असं वर्णन त्यांच्याबद्दल करतात. १९५३ साली गीता बाली आणि सी. रामचंद्र यांनाच घेऊन 'झमेला' काढला, पण 'अलबेला'ची जादू पुन्हा आली नाही. १९५६ चा 'भागम भाग' आला, तोवर चित्रपटांचा खर्च वाढला होता आणि वारा फिरला होता. किशोरकुमारला घेऊन सुरू केलेला 'हँसते रहना' पुरा झालाच नाही आणि त्यात उरलंसुरलं गेलं. १९६६ चा 'लाबेला' पडला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. गीता बाली १९६५ साली देवीच्या साथीत गेल्या होत्या. भगवानदादा दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत परत आले.

त्यानंतर जवळजवळ तीन दशकं ते मिळेल ते काम करत राहिले. पूर्वी, पन्नासच्या दशकात, 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी'मध्ये त्यांना निदान भूमिका होत्या. आता हवालदार, मवाली, लग्नातला पाहुणा, गर्दीतला एक माणूस. कित्येक चित्रपटांत त्यांना बोलावलं जाई ते फक्त चार पावलं नाचायला. ते नाचत आणि दिवसाचे पैसे घेऊन घरी जात. एकूण कामं तीनशेहून अधिक भरतात.

बस्टर कीटनचं असंच झालं. १९२८ साली तो एमजीएम या मोठ्या कंपनीच्या पगारावर गेला आणि त्याचं स्वतःचं राज्य संपलं. १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार्ड'मध्ये हा एकेकाळचा सम्राट पत्ते खेळणारा एक म्हातारा म्हणून काही क्षण दिसतो. पण अमेरिकेत नटांनी आपल्या म्हातारपणाचा विचार एकत्र बसून केला होता. १९४२ सालीच कॅलिफोर्नियात चित्रपटसृष्टीतल्या वृद्धांसाठी घर उघडलं गेलं. १९६० साली तिथल्या नटांच्या संघटनेनं रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षतेखाली संप केला. चित्रपट दूरदर्शनवर दाखवला तर नटाला पुन्हा मोबदला मिळाला पाहिजे, हे त्यांनी मान्य करून घेतलं, आणि निवृत्तिवेतन व आजारपणासाठी निधी उभा केला. त्या संपाचा फायदा १९६० च्या आधीच्या चित्रपटांतल्या नटांना फारसा मिळाला नाही, हेही खरं. तरी पुढच्यांची सोय झाली.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नटाच्या हक्काला जागाच नव्हती. कलावंताचा हक्क कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि चित्रपटातल्या कामाचा पुढं व्यापारी वापर झाला तर त्याचा वाटा मिळण्याची तरतूद झाली २०१२ साली. भगवानदादा त्याच्या दहा वर्षं आधी गेले होते. त्यांचं नुकसान पुष्कळसं त्यांनीच पत्करलेलं होतं हे मी नाकारत नाही. ते निर्माते होते, जुगार त्यांचा होता. पण 'अलबेला'ची गाणी रेडिओवर, टीव्हीवर आणि कॅसेटवर अर्धशतक वाजत राहिली आणि त्या गाण्यांत नाचणारा माणूस चाळीच्या जिन्यावरून कामाला जात राहिला, हे चित्र पाहून मन कडू होतं.

गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीसमोर थांबत, असं दादरची माणसं सांगतात. बँडवाले 'अलबेला'ची चाल धरत, म्हातारे भगवानदादा खाली येत आणि चार पावलं टाकत. मग मिरवणूक पुढं जाई. मला ही आठवण करुण वाटत नाही. ज्यांच्यातून ते आले होते त्यांच्यातच ते परत गेले होते, आणि त्या रस्त्यावर त्यांची ओळख पटवून द्यायची कुणाला गरज नव्हती.

४ फेब्रुवारी २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय अठ्ठ्याऐंशी. त्यांनी काढलेल्या चित्रपटांच्या बहुतेक मूळ प्रती गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाल्या, 'अलबेला' आणि 'भागम भाग' तेवढे वाचले असं सांगतात. मारधाडीच्या त्या चित्रपटांत त्यांनी काय काय केलं होतं ते आता पाहता येत नाही. २०१६ साली शेखर सरतांडेल यांनी त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट केला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, विद्या बालन गीता बाली झाल्या. तो पाहून आमच्या गल्लीतल्या पोरांना पहिल्यांदा कळलं की आपण नाचतो त्या नाचाला धनी आहे.

त्या परण्यानंतर काही दिवसांनी मी बँडच्या मास्तरांना फोन करून सांगितलं, भगवानदादा मुंबईचे नव्हेत, जन्मानं आपल्या अमरावतीचे. पलीकडं थोडा वेळ काहीच बोलणं झालं नाही. मग म्हणाले, "मंग हे आंधी काहून नाही सांगतलं कोनी?"

त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून मागणं करतो. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतली महाविद्यालयं, वाचनालयं, गणेश मंडळं यांपैकी कुणीही पुढाकार घ्यावा. १ ऑगस्टला 'अलबेला' दाखवावा, गावातल्या बँडवाल्यांना पहिल्या रांगेत बसवावं, आणि चित्रपट सुरू होण्याआधी एवढंच सांगावं की हा माणूस आपल्या वऱ्हाडात जन्मला होता.